काळजीच्या दिवसांतली प्रार्थना: आधी गाऱ्हाणं, मग मागणी, मग उपकारस्तुती

काळजीने पोखरलेल्या माणसाला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हमखास एक वचन ऐकवलं जातं: ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं, १८वं वचन. वचन खरंच आहे, पण ते हातात कसं धरायचं हे सहसा कोणी सांगत नाही. मग नवा विश्वासू काय करतो? पोटात गोळा आलेला असताना ओठांवर ‘धन्यवाद प्रभू’ आणतो, आतली भीती तशीच ठेवतो, आणि आठवडाभरात त्याला वाटू लागतं की आपला विश्वासच कच्चा आहे. विश्वास कच्चा नसतो. क्रम चुकलेला असतो.

योग्य क्रम बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकात आहे. १३वं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत नुसतं गाऱ्हाणं आहे, ‘कोठवर?’ असा प्रश्न दावीद देवाला चार वेळा विचारतो. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे, आणि देवाने उपकार केले म्हणून गाणं आहे. दोन, दोन आणि दोन. शेवटच्या दोन वचनांपर्यंत पोचायचं तर पहिली दोन मोठ्याने म्हणावी लागतात. खाली दिलेली पंधरा मिनिटांची पद्धत याच बांधणीवर उभी आहे. प्रोटेस्टंट असा, कॅथॉलिक असा किंवा नुकतेच बायबल वाचू लागलेले असा, ती कोणालाही चालते.

आधी काय जमवायचं

शंभर पानी साधी वही, पेन आणि बायबल. वही लहान नको. डावं आणि उजवं अशी दोन्ही पानं समोर उघडी राहायला हवीत. मोबाइलमधलं बायबल एरवी चालेल, या पंधरा मिनिटांत नको. वचन शोधता शोधता बँकेचा मेसेज दिसतो आणि प्रार्थना तिथेच संपते. गजर लावायचा असेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून लावा.

जागा ठरलेली असावी. पलंग सोडून कुठलीही चालेल. पलंगावर एकतर झोप लागते, नाहीतर रात्रीची तळमळ त्या जागेला चिकटलेली असते. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही ही खरी अडचण आहे. त्यावर दोन उपाय चांगले चालतात. घर जागं होण्याआधी ओट्याजवळ स्टुलावर बसायचं, किंवा घरच्यांना सरळ सांगायचं, ‘पंधरा मिनिटं मला हाक मारू नका.’ विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याला लोकलमध्ये तासाहून जास्त वेळ मिळतो. तिथे लिहिणं जमणार नाही, पण पहिली आणि शेवटची पायरी उभ्याउभ्याही होते.

वेळ सकाळची बरी, बातम्या आणि व्हॉट्सअॅप उघडण्याआधीची. रात्रपाळी असेल तर उठल्यावरची. वेळ कोणतीही धरा, पण महिनाभर बदलू नका.

पहिली पायरी: थांबणं (२ मिनिटं)

काळजीत श्वास छातीत वरवर चालतो, आणि तशा श्वासावर मन एका जागी बसत नाही. पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर ठेवा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एका श्वासाला दहा सेकंद लागतात, म्हणजे दोन मिनिटांत बारा श्वास होतात. आकडे मोजण्याऐवजी शब्द घाला: आत घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. ही हाक यरीहोच्या रस्त्यावर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाची आहे, मार्कच्या दहाव्या अध्यायातली. लोक त्याला गप्प बसवत होते आणि तो अधिकच ओरडत होता. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी अशीच एक छोटी हाक शतकानुशतकं श्वासाबरोबर म्हटली आहे.

चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडा आणि नेहमीचा श्वास चालू द्या. इथे काही कमवायचं नाही. आपण कोणासमोर बसलो आहोत याचं भान यावं एवढंच.

दुसरी पायरी: गाऱ्हाणं (४ मिनिटं)

इथे सगळ्यात जास्त लोक घाईने पुढे जातात, आणि पुढचं सगळं त्यामुळेच पोकळ होतं. देवाशी तक्रार करणं पाप आहे असं पुष्कळांच्या मनात बसलेलं असतं. पण स्तोत्रसंहितेतली सुमारे तिसरा हिस्सा स्तोत्रं विलापाची आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने आपल्या शिष्यांना सांगितलं की माझा जीव मरणप्राय कष्टी झाला आहे. त्याने ते लपवलं नाही, आणि पित्यापुढे तोंड जमिनीला लावून तेच मांडलं.

वहीच्या डाव्या पानावर तारीख घाला आणि काळजी लिहा. एका दिवशी जास्तीत जास्त तीन. प्रत्येक काळजीचे तीन तुकडे करा: मला ठाऊक आहे, मला ठाऊक नाही, माझं मन रचतंय. ‘आईची तब्येत’ एवढंच लिहिलं तर काहीच लिहिलं नाही. आईच्या मानेत गाठ आहे आणि तपासणीचा निकाल यायचा आहे, अशा घरातलं एक पान धरू. ते असं दिसेल:

ठाऊक आहे: गाठ दीड सेंटीमीटर आहे. बायॉप्सी सोमवारी झाली. रिपोर्ट गुरुवारी चारनंतर.
ठाऊक नाही: कर्करोग आहे की नाही.
मन रचतंय: नाताळला आई नसेल.

तिसरी ओळ लिहिताना हात थांबतो, डोळे भरतात. थांबू द्या, भरू द्या. ही ओळच रात्री तीन वाजता उठवत असते, आणि तोवर तिला कोणी शब्द दिलेले नसतात. लिहून झाली की ती देवाला उद्देशून मोठ्याने वाचा: ‘प्रभू, मला वाटतंय की नाताळला आई नसेल. मला फार भीती वाटते.’ बस्स. लगेच ‘पण तुझी इच्छा’ असं जोडू नका. त्याची जागा पुढे आहे.

चार मिनिटं झाली की डावं पान थांबवा. वेळ बांधायचं कारण आहे. गाऱ्हाण्याला मर्यादा नसली की तेच तेच उगाळणं सुरू होतं, आणि आपण देवाशी बोलत नसून त्याच्यासमोर बसून स्वतःशीच काळजी करत असतो. ओळखायचं कसं? तेच वाक्य तिसऱ्यांदा येतं आणि त्यात ‘प्रभू’ हा शब्द नसतो. असं झालं की पेन खाली ठेवा.

तिसरी पायरी: मागणी (३ मिनिटं)

मागणी साधी आणि आजची असावी. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती ‘रोजची’ आणि ‘आज’. डोंगरावरच्या प्रवचनात मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा शेवट आहे: ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ तेव्हा मोठी मागणी एका वाक्यात आणि आजची मागणी एका वाक्यात लिहा. वरच्या पानावर ती अशी येईल: ‘आईला बरं कर. आज तिच्याशी बोलताना माझा आवाज कापू देऊ नकोस.’ पहिलं वाक्य मागताना संकोच करू नका. बरं होणं मागायला मोकळीक आहे. दुसरं वाक्य विसरू नका, कारण त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत दिसतं, आणि नव्या माणसाला पाहायला शिकायचं असतं ते तिथेच.

आता ‘तुझी इच्छा’. गेथशेमानेत प्रभू आधी म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि नंतर म्हणतो की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि त्याच क्रमाने. पहिलं गाळून दुसरं म्हटलं तर ती शरणागती राहत नाही, नुसता हात टेकणं होतं. तेच मागणं पुन्हा करणं म्हणजे अविश्वास, असंही कोणी सांगेल. मत्तय २६:४४ वाचा. त्या रात्री प्रभूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती त्याच शब्दांत.

इथे एक सवय मात्र सोडावी लागते, नवसाची. ‘रिपोर्ट चांगला आला तर मी इतकं दान देईन’ असा सौदा आपल्याकडे हाडीमासी भिनलेला आहे, आणि ख्रिस्ती घरांतही तो नाव बदलून येतो. त्यात अडचण अशी की रिपोर्ट वाईट आला की देवाशी बोलणंच तुटतं. करार मोडला असं वाटतं. दान द्यायचं असेल तर आज द्या, रिपोर्ट कसाही येवो.

चौथी पायरी: उपकारस्तुती (४ मिनिटं)

आता उजवं पान. गेल्या चोवीस तासांतले तीन उपकार लिहा. प्रत्येकात माणूस किंवा वस्तू, वेळ आणि नेमकं काय घडलं, एवढं तरी असावं. ‘आरोग्य, कुटुंब आणि तुझ्या सर्व आशीर्वादांबद्दल’ हे वाक्य वहीत नको. ते खोटं नाही, पण काळजीच्या दिवसांत त्याने मनाला काहीच लागत नाही, कारण त्यात पाहायला काही नसतं. त्याच घरातलं उजवं पान असं भरेल:

काल रात्री नऊला शेजारच्या काकूंनी मुलांना जेवू घालून तिथेच झोपवलं.
लॅबच्या खिडकीवरच्या मुलाने पावती हरवली तरी न चिडता नाव शोधून दिलं.
आईने पहाटे स्वतःहून चहा मागितला, दोन बिस्किटं खाल्ली.

नियम एकच: आठवडाभरात तोच उपकार पुन्हा लिहायचा नाही. पहिले तीन दिवस सोपं जातं. चौथ्या-पाचव्या दिवशी वही कोरी राहते, आणि मग माणूस दिवसभर डोळे उघडे ठेवून फिरू लागतो, कारण उद्या सकाळी तीन ओळी लिहायच्या असतात. या सवयीचं खरं काम तिथे सुरू होतं. काळजी मनाला एकाच दाराशी उभं करते. उपकार शोधताना घराच्या बाकीच्या खोल्या दिसू लागतात. १०३वं स्तोत्रही जिवाला हेच बजावतं: ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको.’ विसरण्याचा धोका आहे म्हणूनच बजावलं आहे.

‘सर्व स्थितीत’ या शब्दांकडे नीट पाहा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्थितीत राहून उपकारस्तुती करायला सांगतो; स्थितीबद्दल नाही. कर्करोगाबद्दल, नोकरी गेल्याबद्दल, मारहाणीबद्दल देवाचे आभार मानायला शास्त्र सांगत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू रडला. कोणी तुम्हाला दुःखाबद्दलच ‘थँक यू जीझस’ म्हणायला लावत असेल तर नम्रपणे बाजूला व्हा.

दुसरी चूक तुलनेची. ‘त्या बिचाऱ्यांपेक्षा आपण किती बरे’ असं म्हटलं की घटकाभर बरं वाटतं, पण ती दुसऱ्याच्या दुःखावर उभी केलेली कृतज्ञता असते. लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, नेमका असाच आभार मानतो: मी इतरांसारखा नाही म्हणून. त्याची प्रार्थना मंदिरातच राहिली आणि लोक ज्याला पापी समजत तो जकातदार नीतिमान ठरून घरी गेला.

उत्तर येण्याआधीच आभार कसे मानायचे, हा प्रश्न नवीन लोक विचारतातच. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लिहितो, ‘आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा’. मागणी आणि आभार एकाच वाक्यात आहेत. हे पत्र त्याने बंदिवासात असताना लिहिलं. आणि ज्या फिलिप्पै शहराला लिहिलं, तिथल्याच तुरुंगात तो पूर्वी आपला सोबती सीला याच्याबरोबर पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री प्रार्थना करत, गाणी गात बसला होता, हे प्रेषितांच्या कृत्यांत १६व्या अध्यायात आहे. त्याहून जवळची खूण दर रविवारी वेदीवर असते. धरून दिलं जाणार होतं त्या रात्री येशूने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली. ‘युखारिस्त’ हा शब्दच मुळात ग्रीक, आणि त्याचा अर्थ उपकारस्तुती. तुम्ही त्याला प्रभुभोजन म्हणा किंवा मिस्सा, तुमच्या उपासनेच्या गाभ्यात काळजीच्या रात्री मानलेले आभार आहेत.

आपल्या मातीतही ही गोष्ट जुनी आहे. मुंबई आणि उपनगरांतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, समाजात ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा हा कापणीचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात. गोव्यात कणसांचं फेस्त (सण) ऑगस्टमध्येच सुरू होतं, शेतातलं बाकीचं पीक अजून उभं असताना. पाऊस अजून घात करू शकतो, कोठार रिकामं आहे, आणि पहिली मूठ वेदीवर गेलेली असते. तुमच्या तीन ओळी म्हणजे त्या कणसांची मूठ.

पाचवी पायरी: सोपवणं आणि उठणं (२ मिनिटं)

वही मिटा. तळहात वर करून मांडीवर ठेवा आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ मोठ्याने, सावकाश म्हणा. आवाज काढणं गरजेचं आहे. मनातल्या मनात म्हटलेली प्रार्थना काळजीच्या दिवसांत अर्ध्यावर हरवते. ‘आमेन’ झाल्यावर आज करायचं एक काम ठरवा आणि ते डाव्या पानाच्या तळाशी लिहा: डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न कागदावर उतरवणं, घरमालकाला फोन करणं, फीच्या मुदतवाढीचा अर्ज. काम अर्ध्या तासात होण्याजोगं असावं. प्रार्थना आणि प्रयत्न यांत भांडण नाही. नहेम्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तट बांधणाऱ्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि पहाराही बसवला, एकाच वचनात.

रात्री तीन वाजता

सकाळची पद्धत रात्री चालत नाही. अंधारात डावं पान उघडलं की ते भरतच जातं. वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसा, दिवा मंद ठेवा, पाणी प्या. एकच लहान स्तोत्र वाचा. २३, १२१ आणि १३१ ही तीन रात्रीसाठी चांगली आहेत, आणि १३१ला तर तीनच वचनं आहेत. काळजीने फारच जोर केला तर एका ओळीत टिपा आणि पुढे ‘सकाळी’ असं लिहा. मग पहिल्या पायरीतला श्वास. घड्याळ पाहू नका.

कॅथॉलिक घरांत अशा वेळी जपमाळ हाती असणं मोठा आधार आहे. मणी बोटांखालून सरकत असतात, शब्द पाठ असतात, नवं काही सुचावं लागत नाही. पूर्ण पाच दशकं, म्हणजे दहा दहा मण्यांचे पाच संच, करायलाच हवीत असं नाही. एक दशक पुरे. त्यासाठी दुःखाच्या रहस्यांतलं, म्हणजे जपताना मनात आणायच्या प्रभूच्या दुःखाच्या प्रसंगांतलं, पहिलं रहस्य घ्या. ते गेथशेमानेचंच आहे.

आठवड्याची उजळणी

रविवारी उपासनेनंतर दुपारी दहा मिनिटं वही मागे चाळा. प्रत्येक मागणीपुढे एक शब्द लिहा: ‘मिळालं’, ‘अजून’ किंवा ‘नाही’. तिसरा शब्द लिहायला लोक कचरतात, आणि तो न लिहिलेल्या वह्या महिन्याभरात बंद पडतात. जे मागितलं ते मिळालं नाही हे देवापुढे स्वच्छ लिहिणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. मग ‘मन रचतंय’ या ओळी वाचा. त्यांतल्या किती घडल्या आणि किती नाहीत हे आपलं आपल्याला दिसतं. कोणी समजावून सांगावं लागत नाही.

ज्यांना रोज रात्री थोडक्यात आढावा घ्यायचा आहे त्यांनी लोयोलाच्या संत इग्नाशियसची पाच टप्प्यांची रीत धरावी. ती १६व्या शतकापासून चालत आली आहे, आणि तिचा पहिला टप्पाच मुळी उपकारांबद्दल आभार मानण्याचा आहे. मग प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने पाहायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्याचा निश्चय करायचा. काळजीखोर स्वभावाच्या माणसाला तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर स्वतःला झोडपण्याची सवय असते. त्याने पहिला टप्पा दुप्पट करावा आणि चौथा एका वाक्यात आटपावा.

दोघांत-तिघांत

एकट्याने महिनाभर टिकणं कठीण आहे. गेथशेमानेत प्रभूनेही तिघांना जवळ बसायला सांगितलं होतं. ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा एक माणूस निवडा आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं भेटा किंवा फोनवर बोला. आधी पाच पाच मिनिटं सांगणं, मग एकमेकांसाठी दोन-तीन वाक्यांची प्रार्थना. सल्ला शेवटी, आणि तोही मागितला तरच.

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसऱ्याचा आजार ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून टाकण्याआधी त्या घराला विचारलंच पाहिजे. हेतू चांगला असतो, पण तासाभरात बातमी गावभर होते आणि त्या घरातला माणूस पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसतो, किंवा येतच नाही. नाव न घेता ‘एका कुटुंबासाठी’ एवढंही पुरतं.

घरात मुलं असतील तर रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, मोठ्यांनीही. मूल म्हणालं, ‘आज काहीच चांगलं झालं नाही’, तर ते बरोबर आहे असं माना आणि पुढच्याकडे वळा. जबरदस्तीने काढून घेतलेला आभार मूल लगेच ओळखतं.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. प्रार्थनेसाठी पैसे मागणारा, ‘इतकं पेरा म्हणजे इतकं मिळेल’ म्हणणारा किंवा औषध बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याच्यापासून दूर राहा. काळजीत सापडलेला माणूस अशा हाकेला लवकर बळी पडतो, आणि नंतर कर्ज आणि अपराधीपणा दोन्ही त्याच्याच पदरी येतात.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप आणि भूक उडाली असेल, कामावर जाणं जमत नसेल, छातीत धडधड होऊन आता जीव जातो असं वारंवार वाटत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. जगणंच नको असा विचार आला तर तो त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला (१ राजे १९), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर.

जमत नाही तेव्हा

दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, हे धरूनच चाला. नवेपणा संपलेला असतो आणि परिस्थिती तशीच असते. त्या आठवड्यात पंधराची पाच मिनिटं करा: एक श्वास-प्रार्थना, डावीकडे एक ओळ, उजवीकडे एक ओळ, प्रभूची प्रार्थना. एखादा दिवस चुकला तर मागचा भरून काढू नका. आजची तारीख घाला आणि पुढे चला.

स्वतःचे शब्द आटले तर उसने घ्या. १३६वं स्तोत्र घ्या. त्याच्या २६ वचनांत प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हे येतं. पहिला अर्धा भाग वाचायचा आणि दुसरा तोंडपाठ म्हणायचा. गाता येत असेल तर गा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर मराठी मंडळीला अभंग-भजनांची मोठी शिदोरी दिली. त्यातलं एखादं पद तुमच्या मंडळीत नक्की म्हणत असतील. भजनाच्या चालीवर जीभ चालू राहते आणि मन मागून येतं.

आणि तेही होईना अशी एखादी सकाळ उगवेल. वही उघडवत नाही, बायबलच्या ओळी नुसत्या काळ्या दिसतात. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलं आहे की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उसकटून प्रभूसमोर उतरवलं. तो स्वतः एक शब्दही बोलल्याचं तिथे लिहिलेलं नाही, आणि येशूने त्या सगळ्यांचा विश्वास पाहिला. तेव्हा त्या सकाळी निवडलेल्या माणसाला फोन लावा आणि एवढंच सांगा, ‘आज मला जमत नाही, माझ्यासाठी तू म्हण.’ तो म्हणेल तेवढं ऐका. शेवटी ‘आमेन’ म्हणा.